"फिट नाही हो, जरा गप्प होतात"

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

नमस्कार डॉक्टरबाई,

आम्ही सिडकोत राहतो. माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत, अंबडला कंपनीत मशीनवर आहेत. दोन वर्षांपासून त्यांना मधूनच काहीतरी होतं. बोलता बोलता गप्प होतात, नजर एकीकडे लागते, ओठ चाटल्यासारखं करतात, शर्टाच्या गुंड्यांशी चाळा करतात. मिनिटभरात संपतं आणि मग मलाच विचारतात, "काय गं, काय म्हणत होतीस?" कधीकधी त्याआधी म्हणतात, पोटातून काहीतरी वर चढतंय. महिन्यातून दोन-तीनदा होतं. खाली पडत नाहीत, हातपाय झाडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही. न्यूरोच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. डोक्यात जंताच्या गाठीचा जुना, वाळलेला डाग आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. यांनी चार महिने घेतल्या, मग सुस्ती येते म्हणून आपल्या आपणच बंद केल्या. सासूबाई म्हणतात, आपण माळकरी, आपल्या घरात जंत येईल कुठून? ही फिट नाहीच, बाहेरचं आहे. शिवाय नणंदेचं लग्न जमवायचं आहे, तेव्हा बोभाटा नको.

मागच्या महिन्यात मुलीला (वय ७) शाळेतून आणताना त्रिमूर्ती चौकाजवळ सिग्नल लाल होता, तरी हे गाडी सरळ पुढे नेत राहिले. मागून मुलगी "बाबा, लाल आहे, लाल आहे" म्हणत होती. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून दोघं वाचले. पुढे जाऊन गाडी उभी केली आणि मुलीलाच विचारलं, "आपण कुठे आलो?" घरी मात्र म्हणाले, काही झालंच नाही, पोरगी बनवून सांगते. तेव्हापासून घरात रोज भांडण आहे. एवढ्याशा गोष्टीला फिट म्हणायचं का? आणि यांनी गाडी चालवावी का?

एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर:

वयानं माझ्या लेकीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं लांबणार आहे आणि तोवर उद्याची शाळेची वेळ होईल. नाही. त्यांनी गाडी चालवायची नाही. मुलगी मागे असताना नाही, एकट्यानं नाही, "इथेच तर जायचंय, कॉलनीतल्या कॉलनीत" म्हणूनही नाही. सायकलसुद्धा रस्त्यावर नको. तुमचे न्यूरॉलॉजिस्ट समोर बसवून "आता चालवा" म्हणत नाहीत तोपर्यंत हे असंच. मुलीला उद्यापासून कोण आणणार, याची सोय आज रात्रीच कर. रिक्षा, शेजारीण, दीर, जे जमेल ते.

आता पहिला प्रश्न. हो, ही फिटच आहे.

आपल्याकडे फिट म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. माणूस धाडकन पडलाय, हातपाय झडताहेत, दातखीळ बसलीय, भोवती गर्दी आणि गर्दीतला एक जण चप्पल हुंगवायला निघालाय. ती मोठी फिट. तिच्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना विजेचा कल्लोळ उठतो. तुझ्या मिस्टरांच्या मेंदूत तो एका कोपऱ्यात उठतो आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे विझतो. तू जे वर्णन केलंस त्यावरून तो कोपरा कानशिलाच्या आतला असावा, ज्याला टेम्पोरल लोब म्हणतात. पोटातून वर चढणं, ओठ चाटणं, गुंड्यांशी चाळा, ही सगळी त्याच भागाची लक्षणं. काहींना नसलेला जळका वास येतो, काहींना "हे सगळं आधी घडलंय" असं वाटतं, काहींच्या मनात कारण नसताना भीती दाटते. ते पोटातून चढणं म्हणजे फिटची सुरुवातच असते. कधी ती तेवढ्यावर थांबते, कधी पुढे सरकून भान घेऊन जाते. अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटांपर्यंत चालते. पूर्वी हिला कॉम्प्लेक्स पार्शल म्हणत, आता फोकल म्हणतात. फाइल काढून बघ, कुठेतरी यातला एक शब्द असेल.

आणि आता तुमच्या भांडणाचं. पोरगी बनवून सांगत नाही. तुझा नवराही खोटं बोलत नाही. आठवणी नोंदवून ठेवणारा मेंदूचा भाग याच कानशिलाच्या कोपऱ्यात बसलाय. तिथे कल्लोळ चालू असतो तोवर नोंद होतच नाही. डोळे उघडे असतात, हात अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, गाडी सरळ चाललेली असते, पण तो लाल दिवा आणि लेकीची हाक त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. त्यांच्या दृष्टीनं ते शाळेच्या गेटपासून निघाले आणि एकदम चौकाच्या पलीकडे उगवले. मधला तुकडा कोणी कापून नेल्यासारखा. "काही झालंच नाही" हे त्यांचं अगदी प्रामाणिक उत्तर आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनी या आजाराला अपस्मार म्हटलं. स्मार म्हणजे आठवण, अप म्हणजे ती निघून जाणं. चरकसंहितेत हा शब्द आहे. झटके किंवा फेस सोडून त्यांनी आठवण जाण्यावरून नाव ठेवलं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तर भांडू नकोस, व्हिडिओ काढ. पुढच्या वेळी मोबाइल हातात असला तर शांतपणे चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं चित्रण कर. मध्येच नाव घेऊन हाक मार, "हात वर करा" म्हण, उत्तर येतं का ते त्यातच नोंदलं जाईल. मग एखाद्या संध्याकाळी, सासूबाई आणि नणंद समोर नसताना, त्यांना एकट्याला दाखव. मी अशा वेळी माणसं रडलेली पाहिली आहेत, चिडलेलीही पाहिली आहेत, पण पाहिल्यानंतर "काही झालंच नाही" असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. तोच व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टना दाखव. चाळीस सेकंदांच्या चित्रणातून त्यांना जे कळेल ते तुझ्या अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळणार नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला तरी "बघा, काही नाही" म्हणून नाचू नका. कल्लोळ मधूनच उठतो आणि ईईजी अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो.

इथे माझी एक चूक कबूल करते, कारण तुझ्या पत्रानं ती वर काढली. फार वर्षांपूर्वी पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी यायची. आई सांगायची, "लिहिता लिहिता थांबते, बाई ओरडल्या की परत लिहायला लागते." मी जंताचं औषध दिलं, लोहाची बाटली दिली, वर "खेळायला सोडा जरा" असा सल्लाही दिला. वर्षभर तिनं वर्गात "लक्ष नसतं" म्हणून बोलणी खाल्ली. शेवटी मुंबईला एका डॉक्टरांनी तिला समोर बसवून तीन मिनिटं जोरजोरात फुंकर मारायला लावली, आणि दुसऱ्या मिनिटाला ती त्यांच्यासमोरच थांबली. दहा सेकंद. पापण्या फडफडल्या आणि पुन्हा फुंकू लागली, जणू काही झालंच नाही. ती अ‍ॅब्सेन्स जातीची फिट होती. लहान मुलांत दिसते, पाच-दहा, फार तर वीस सेकंद टिकते, दिवसातून कितीही वेळा येऊ शकते आणि वयात येताना पुष्कळ मुलांची थांबतेही. तिच्यात पोटातून चढणं नाही, नंतरचा गोंधळही नाही. दिवा गेला आणि आला, इतकंच.

हे सांगण्याचं कारण असं, की वरून दोन्ही सारख्याच दिसतात, "जरा गप्प झाला" म्हणून. औषधं मात्र वेगळी. तुझ्या मिस्टरांच्या प्रकारावर जी कार्बामाझेपिन ही गोळी नेहमी दिली जाते, तीच अ‍ॅब्सेन्सच्या मुलाला दिली तर फिट वाढतात. म्हणून "आमच्या भाच्याला अमुक गोळीनं गुण आला" हे वाक्य कानावर आलं की विषय बदल.

आता तुझ्या पत्रातला "एवढ्याशा" हा शब्द. माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दाशी अडलंय. मोठी फिट माणसाला पाडते, आणि पाडते म्हणूनच सगळं थांबतं. लोक धावतात, गाडी बाजूला घेतली जाते, कोणी १०८ ला फोन करतं. छोटी फिट पाडत नाही. माणूस उभाच राहतो, चालत राहतो, हातातलं काम अर्धवट करत राहतो, आणि शेजारच्याला वाटतं की विचारात आहे. त्रिमूर्ती चौकात ते खाली पडले असते तर लोकांनी उचललं असतं. ते सरळ बसून होते म्हणून टेम्पोच्या समोर गेले. धोका किती हे फिट किती मोठी यावर ठरत नाही. ती आली तेव्हा माणूस कुठे उभा होता आणि हातात काय होतं, यावर ठरतं. त्या नजरेनं एकदा तुमचा दिवस सकाळपासून बघ.

सकाळी आंघोळ. या आजारात मला सगळ्यात जास्त भीती पाण्याची वाटते. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं आणि बाहेर टॉवेल अडकवायचा, म्हणजे आत कोणी आहे हे घरात कळेल. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ. पाणी बादलीत घेण्याआधीच कोमट झालेलं असावं. भान गेलं असताना हात गरम पाण्याच्या नळाकडे गेला तर चटका कळत नाही. बादलीत रॉड टाकून पाणी तापवायची पद्धत असेल तर ती आजपासून बंद. माझ्या एका पेशंटच्या बायकोनं नवऱ्याला आंघोळ करताना मोठ्यानं अभंग म्हणायची सवय लावली होती. अभंग थांबला की ती दार ढकलायची. तुम्ही माळकरी, तुमच्याकडे तर साठा मोठा आहे.

घराबाहेरचं पाणी त्याहून वाईट. तू लिहिलं नाहीस, पण नाशिकचा माणूस आणि त्यातून वारकरी, म्हणजे रामकुंडावर जाणं असणारच. पर्वणीला गर्दीत बुडी मारणं त्यांना बंद. पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेतलं तरी स्नानाचं पुण्य कमी होत नाही, हवं तर तुमच्या कीर्तनकारबुवांना विचार. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारायची हौस असेल तर तीही काठावर उभं राहून भागवायची. त्या रंगीत पाण्यात बुडलेला माणूस वरून दिसतसुद्धा नाही. गावी शेत असेल तर कठडा नसलेली विहीर आणि शेततळं, दोन्हींपासून लांब. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून शुद्धीतल्या, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, मग भान गेलेल्याचं काय होणार?

स्वयंपाकघरात ते फारसे नसतात असं धरून चालते, पण चहा तरी करत असतील. उकळतं भांडं चिमट्यात धरून चालत जाणं टाळायचं, कप शेगडीपाशीच भरायचा. इस्त्री तू किंवा धोबी. गच्चीच्या कठड्यावर बसणं, टाकी बघायला शिडीनं चढणं बंद.

राहिली कंपनी. तू नुसतं "मशीनवर" लिहिलंस. कोणतं मशीन, यानं फार फरक पडतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन असेल तर दार लागल्याशिवाय ते चालू होत नाही, त्यात जीव जरा सुरक्षित आहे. पॉवर प्रेस असेल, लेथ असेल, कटिंग असेल, तर माझं उत्तर गाडीसारखंच आहे. अंबड-सातपूरच्या किती कामगारांची बोटं मी बांधली आहेत, त्यातली अर्धी तरी "क्षणभर लक्ष गेलं" म्हणून गेलेली. त्यातल्या कुणाला ही असली फिट असेल का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

सुपरवायझरला सांगावं का? मला माहीत आहे की हे बोलायला सोपं आहे. कंत्राटी असतील तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील, ही भीती खोटी नाही. तरी माझं मत सांगते. एका तरी माणसाला सांगावंच, शेजारच्या मशीनवरच्या भरवशाच्या मित्राला. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी, "फिरत्या यंत्रावर आणि उंचीवर काम नको, रात्रपाळी नको" एवढीच. पॅकिंग, तपासणी, स्टोअर, अशा कामावर बदली मागता येते. रात्रपाळीचा मुद्दा तर वेगळाच महत्त्वाचा आहे. अपुरी झोप ही फिटला सरळ आमंत्रण देते. तुझ्याकडे कॅलेंडर असेलच, गेल्या सहा महिन्यांतल्या फिट कोणत्या आठवड्यात आल्या आणि तेव्हा पाळी कोणती होती, ते जुळवून बघ.

गाडीचा कायदाही कळू दे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. लायसन्स काढताना आपण जो फॉर्म १ भरतो, त्यात तब्येतीचे जे प्रश्न आहेत त्यांत पहिलाच असा, की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कशामुळेही अचानक शुद्ध हरपते, चक्कर येते का? आपण सगळे डोळे झाकून "नाही" वर टिक करतो. इंग्लंडमध्ये साधारण वर्षभर फिट आली नाही तर परवाना पुन्हा मिळू शकतो. आपल्या कायद्यात अशी मुदत ठरवून दिलेली नाही, आणि मला ती उणीव वाटते, कारण त्यामुळे माणसं सांगण्याऐवजी लपवतात. पण उणीव असली तरी त्रिमूर्ती चौक तिथेच आहे. कंपनीत जायला सिटीलिंकची बस घ्यायची, दारात लटकायचं नाही, आत बसायचं. मित्राच्या गाडीवर मागे बसणंही फिट आटोक्यात येईपर्यंत नको, पकड सुटते.

गोळ्यांबद्दल थोडं रागावूनच लिहिते. सुस्ती येते म्हणून बंद केल्या, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं का? सुस्ती हा खरा त्रास आहे, लाड नव्हेत. पण त्यावर उपाय असतात. डोस हळूहळू वाढवतात, रात्रीचा भाग मोठा ठेवतात, गोळीच बदलतात. मनानं बंद केलेली गोळी हे फिट परत येण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. एकदम बंद केल्यावर छोट्याची मोठी फिट होऊ शकते, एकामागून एक येत राहू शकतात, आणि ती वेळ जिवावरची असते. मात्र हे वाचून आज रात्री कपाटातली जुनी पाकिटं काढून पूर्ण डोस देऊ नकोस. काही गोळ्या खंडानंतर पुन्हा अगदी थोड्यापासूनच चढवाव्या लागतात, नाहीतर अंगावर वाईट पुरळ उठतं. आधी डॉक्टरांना फोन.

योग्य गोळी नेमानं घेतली तर दहातल्या साधारण सात जणांच्या फिट थांबतात. ज्यांच्या दोन चांगल्या औषधांनी, पुरेशा डोसनंही थांबत नाहीत, त्यांनी वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी फिरवत बसू नये, मोठ्या अपस्मार केंद्रात दाखवावं. मेंदूतला तो नेमका कोपरा शस्त्रक्रियेनं काढता येतो का, हे तिथे तपासतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होताहेत, मुंबईतही होतात. तुमची गाडी अजून त्या स्टेशनापासून फार लांब आहे. तुम्ही पहिली गोळीच नीट घेतलेली नाही.

एकादशी करायला माझी हरकत नाही, गोळीला उपास नसतो. पाण्याबरोबर घ्यायची, वेळ चुकवायची नाही. दारू नको. हे माळकऱ्याला सांगायची गरज नसावी, पण वाइनच्या गावात राहून सांगितलेलं बरं. ताप, जुलाब, दुखणं यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर फिटची गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि ट्रॅमाडॉल ही वेदनेची गोळी फिटला वाट करून देतात. सर्दीला कापराची पुडी हुंगणं आणि निलगिरीचं तेल वाफेत टाकणं हेही या घरातून जाऊ दे. या तेलांनी काहींना फिट येते, हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

फिट चालू असताना काय करायचं? फारसं काही नाही, आणि तेच घरच्यांना अवघड जातं. घड्याळ बघ. हातात गरम किंवा धारदार काही असेल तर अलगद काढून घे. ते चालायला लागले तर अडवून धरू नकोस, घट्ट पकडलं तर झटापट करतात, मुद्दाम नव्हे. खांद्याला हलका हात लावून रस्ता, जिना, गॅस यांच्यापासून दुसरीकडे वळव. ओरडू नकोस, गदागदा हलवू नकोस, पाणी पाजू नकोस. कांदा नाही, चप्पल नाही. संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं भांबावलेपण राहतं, तेवढा वेळ जवळ बस आणि कुठे आहोत ते सांग. कधी मोठी फिट झालीच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा तर नाहीच. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा पाण्यात असताना आली, तर १०८.

सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलताहेत, पण त्यांचा प्रश्न चोख आहे: माळकऱ्याच्या घरात जंत कुठून आला? पट्टकृमी नावाचा लांब जंत डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो, हे खरं. पण मेंदूत गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यानं, आणि अंडी पडतात जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. तिथून माती, पाणी, न धुतलेली कोथिंबीर, हात न धुता भेळ बनवणारा. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही होतं, आणि आपल्या देशात फिटचं हे एक नेहमीचं कारण आहे. हे त्यांना सांगताना "तुम्हाला कळत नाही" अशा सुरात सांगू नकोस. त्यांच्या शाकाहारावर आळ येतोय असं त्यांना वाटतंय, तो आळ काढून टाक म्हणजे निम्मी लढाई संपेल. देवाला काही बोलायचं असेल तर जरूर बोलू देत. वणीच्या गडावर जाऊन या, गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवून. देवऋष्याचा धूर आणि अंगावर फटके मात्र घरात येऊ देऊ नकोस.

नणंदेच्या लग्नाचा संबंध काय, ते मला समजलेलं नाही. भावाच्या डोक्यातला वाळलेला डाग बहिणीला होत नाही. अपस्मार हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकलाय. तोही लग्न करणाऱ्या स्वतःच्या आजाराबद्दल होता, भावाच्या नव्हे.

तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला, बहुतेक पत्र लिहून झाल्यावर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: "माझ्या मुलीला होईल का?" खरं पत्र तेच असावं असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले तसा हा जंताचाच डाग असेल तर तो बापाकडून लेकीकडे जात नाही. पण जंताची अंडी कुणाच्या पोटातून आली, हे माहीत नाही, आणि तो माणूस घरातलाही असू शकतो. तेव्हा घरातल्या सगळ्यांची, सासूबाईंसकट, शौचाची तपासणी करून घे आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. तुझ्या मिस्टरांना ते मनानं द्यायचं नाही. मेंदूत गाठी असलेल्याला ते औषध कधीकधी फिट वाढवतं. पालेभाजी दोन पाण्यांतून धू. आणि मुलीला आज जवळ घेऊन सांग की तू खरं बोललीस. त्या दिवशी लाल दिवा पाहिलेली ती एकटीच होती.